गायरानावर सोलर प्लांट येतोय, ग्रामसभेत लोक रडले-भांडले आणि साहेब म्हणाले "भावनिक होऊ नका". मग बोलायचं तरी कसं?

सिन्नरची_लेक

नमस्कार सगळ्यांना, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचून सांगा.

आमचं गाव सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात. पाऊस कमी, बाजरी-मका-कांदा, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याची थोडीफार डाळिंबं. मी नोकरीसाठी नाशिकला असते पण मतदान गावातच, त्यामुळे ग्रामसभेला जाते. गावाजवळ ३३/११ केव्हीचं सबस्टेशन आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये तिथल्या शेतीच्या फीडरसाठी (म्हणजे सबस्टेशनवरून पंपांना वीज नेणारी लाईन) आमच्या गायरानावर सोलर प्लांट टाकायचं चाललंय. सात मेगावॉटचा, म्हणजे तीस-पस्तीस एकर जाणार. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळणार आणि शेतकऱ्याला दिवसा थ्री फेज. मी स्वतः याच्या बाजूने आहे, हे आधीच सांगते.

तर मागच्या ग्रामसभेत प्रकल्पाची माहिती द्यायला आलेल्या साहेबांनी पडद्यावर स्लाईड लावल्या, किती टन कार्बन वाचणार, २०७० पर्यंत देश नेट झिरो होणार वगैरे. लोक शांत बसून होते. मग आमच्याकडची एक मेंढ्या राखणारी आजी उठली आणि म्हणाली की माझ्या सासऱ्यापासून आम्ही त्याच माळावर चारतोय, बिरोबाचं ठाणं पण तिथंच आहे, तारेचं कुंपण पडलं की आम्ही कुठनं जायचं, आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. साहेब म्हणाले आजी भावनिक होऊ नका, मुद्द्याचं बोला. त्यावर मागची पोरं उसळली की आम्ही रात्री दोनला बिबट्याच्या भीतीत पिकाला बारे देतो ते कोणी बघायचं, तुमच्या मेंढ्यांपायी आमचा जीव घालवायचा का. त्यांनाही साहेबांनी तेच सांगितलं, भावनेच्या भरात बोलू नका. ठराव न होताच सभा उठली आणि आता दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

मला तर वाटतं त्या सभेत मुद्द्याचं बोलले असतील तर ती आजी आणि ती पोरंच. पण पुढची सभा लागणार आहे आणि मला खरंच विचारायचंय, असल्या विषयात भावना बाजूला ठेवता येतात का? ठेवायला हव्यात का? आणि नसतील ठेवायच्या तर सभा भांडणात न जाता कशी चालवायची? कोणाच्या गावात, सोसायटीत, कारखान्यात काही बरं घडलं असेल तर सांगा.

निफाडचा_बागायतदार

ताई, ती पोरं जे बोलली ते मी सांगतो तुम्हाला. आमच्याकडं उसामुळं बिबट्या घरापाशी येतो. लाईटची पाळी बदलती असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाप जातो का पोरगा जातो यावरून घरात रोज ताण. बॅटरी घ्यायची, काठी घ्यायची, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावायची आणि चिखलात उभं राहून पाणी फिरवायचं. घरी बायको मोटर चालू झाल्यापासून जागी. ही भीती कोणत्या स्लाईडवर नसते आणि खरं सांगायचं तर दिवसा लाईट पाहिजे यामागं कार्बन-बिर्बन काही नाही, पोरगं सकाळी जिवंत घरी यावं एवढंच आहे. ज्या फीडरला सोलर जोडलं गेलं आणि दिवसा लाईट मिळायला लागली तिथल्या बायका झोपायला लागल्या. हे सभेत एखाद्या बाईनं सांगितलं तर जेवढं पटेल तेवढं कोणत्या साहेबानं सांगून पटणार नाही.

दुसरं, हवामान बदलाबद्दल आमच्या लोकांना काही वाटत नाही असं शहरातली माणसं म्हणतात त्याचा मला फार त्रास होतो. द्राक्षवाल्याला विचारा काय वाटतं. एप्रिलला खरड छाटणी केली की पुढच्या दीड-दोन महिन्यात काडीत घड तयार होतो, त्याला ऊन लागतं. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला तो हटेचना, काडीला ऊनच नाही, ऑक्टोबरला गोडी छाटणी केली तर काडीवर घडच नाही, नुसता पाला. त्याच्या आधी २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपीट, आगाप छाटणीच्या बागांत मणी पाणी भरायला आलेले, एका संध्याकाळी खाली सडा. लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांना कुऱ्हाड लावली. ज्या दिवशी बाग तोडतात त्या दिवशी माणूस कोणाशी बोलत नाही, शेजारी पण बांधावर येत नाही, काय बोलणार.

मेळाव्यात हवामान बदल म्हणून स्लाईड लागली की लोक उठून चहाला जातात. पण तोच माणूस खुर्ची सोडून खाली बसला आणि म्हणाला की यंदा घड किती निघाले हो, तर रात्री अकरापर्यंत लोक हलत नाहीत. मग कर्ज निघतं, डाऊनी रोगाच्या फवारण्यांचा खर्च निघतो, कोणी प्लास्टिक कव्हरचं विचारतं, कोणी म्हणतं मी बाग काढून मका लावतो. तिथून पुढचं बोलणं होतं. तुमच्या सभेत पण आधी हे होऊ द्या. आजी आणि पोरं एकमेकांचे दुश्मन नाहीत, दोघांना आपलं काहीतरी जाईल याची भीती आहे आणि त्यांना एकमेकांची भीती माहीत नाही.

निवृत्त_अभियंता

मी वीज वितरणातच हयात घालवली त्यामुळे थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. भावना समजून घ्या, पण सभेतल्या लोकांना प्रकल्प नक्की काय आहे हेच माहीत नसेल तर नुसतं मन मोकळं करून ठराव होत नाही. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं अर्धवट माहितीवर होतात.

शेतीच्या पंपांना रात्री वीज का, तर दिवसा शहर आणि कारखान्यांची मागणी वर असते, सगळे पंप दिवसा चालवले तर यंत्रणेवर भार येतो, म्हणून पाळ्या. राज्यात चाळीस लाखांच्या वर कृषिपंप आहेत. सौर वीज दिवसाच तयार होते, म्हणून शेतीचा फीडर वेगळा करून सबस्टेशनच्या जवळच प्लांट टाकला की तीच वीज तिथल्या तिथे पंपांना, लांबून आणण्यातली गळती पण कमी. म्हणून जमीन सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आतलीच पाहिजे, कुठलाही माळ चालत नाही. राज्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं आहे, त्यामुळे ही चर्चा गावोगाव होणार आहे, तुमच्या एका गावाची नाही.

आता महत्त्वाचं. गायरानच पाहिजे असं नाही. या योजनेत खाजगी जमीनही भाड्याने देता येते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सबस्टेशनच्या टप्प्यात कोणाची पडीक, खडकाळ जमीन असेल तर काही भाग तिथे आणि काही गायरानावर असं होऊ शकतं का, हे विचारा. सभेत एकच नकाशा ठेवला की लोकांकडे हो किंवा नाही एवढंच उरतं. दोन-तीन नकाशे ठेवले तर माणसं बोटं ठेवून बोलायला लागतात.

आणि आजींच्या मुद्द्यावर, पॅनलखाली मेंढ्या चारणं परदेशात बऱ्याच प्लांटमध्ये चालतं, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत. गवत वाढून पॅनलवर सावली पडते ते कापायचा खर्च वाचतो म्हणून कंपनीलाही परवडतं. मेंढी चालते, शेळी नाही, शेळी वर चढते आणि वायरी कुरतडते. पण त्यासाठी पॅनलची खालची कड उंच घ्यावी लागते, केबल पाइपातून न्यावी लागते, आणि हे सगळं डिझाईनच्या आधी ठरावं लागतं. खांब रोवल्यावर मागणी केली तर कोणी ऐकत नाही.

सिन्नरची_लेक

काका राग कसला, उलट हे कोणी सभेत सांगितलंच नव्हतं. खाजगी जमिनीचं तर आमच्या सरपंचांनाही माहीत नसावं. पण एक सांगू का, ही माहिती त्या दिवशी आजी रडत असताना कोणी दिली असती तर कोणी ऐकली नसती असं मला वाटतं. आधी कोणीतरी तिचं ऐकून घेतलंय हे तिला दिसायला हवं होतं.

अजून एक गोष्ट लिहायची राहिली. आमच्या भागात जमीन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गुळवंच येतं. १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प बांधून तयार, आणि वर्षानुवर्षं थंड उभा. जमिनी गेल्या, पोरांना नोकऱ्या लागतील म्हणून आयटीआय करून ठेवलं, चिमणी मात्र धुराविना. त्यामुळे कोणी विजेच्या प्रकल्पाचं नाव काढलं की वयस्कर माणसं आधी मान हलवतात, ऐकून घ्यायच्या आधीच. ही नुसती विकासविरोधी मनोवृत्ती नाहीये ना.

एकलहरे_कॉलनी

नाहीये ताई. मी दुसऱ्या बाजूने बघतोय म्हणून लिहितो. माझे वडील नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात होते, मी पण तिथेच कंत्राटात. कॉलनीत जन्म, शाळा तिथंच. १४० चे जुने दोन संच कधीच बंद झाले, आता २१० चे तीन, एकूण ६३० मेगावॉट, ते पण ८० च्या आसपासचे. ६६० चा बदली संच द्या म्हणून इथं वर्षानुवर्षं आंदोलनं, निवेदनं, बंद सगळं झालंय.

पर्यावरणाच्या कार्यक्रमात कोळशाच्या चिमणीचा काळा फोटो लावतात ना, तेव्हा मला काय वाटतं ते कोणाला सांगता येत नाही. धूर आम्हीच खाल्लाय, राख आमच्याच गच्चीवर पडली, कपडे वाळत घातले की झटकून घ्यायचे, त्यामुळे प्रदूषण काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. पण माझ्या बापानं मे महिन्यात बॉयलरजवळ उभं राहून शिफ्ट केल्या म्हणून नाशिकरोडच्या प्रेसपासून सातपूरच्या कारखान्यापर्यंत लाईट होती, याचा कोणाला काहीच मान नाही का? आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होते. २०२५ मध्ये विजेची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-गॅस-डिझेल सोडून, झाली ही बातमी खरी, पण क्षमता वेगळी आणि रात्री पंखा कशावर फिरतो ते वेगळं.

कोळसा जाणार हे आम्हाला कळतं हो. आम्ही वेडे नाही. आम्हाला एवढंच कळत नाही की आमचं काय होणार. परमनंट माणसाची बदली होते, कोराडीला, चंद्रपूरला, भुसावळला. कंत्राटी माणसाला बदली नसते. कॉलनीबाहेरची टपरी, रिक्षा, राखेवर चालणारे विटांचे कारखाने, ट्रकवाले, यांना तर कोणी मोजतच नाही. एकदा कोणीतरी समोर बसून सांगा की हा संच अमुक साली बंद, तोपर्यंत तुम्हाला सोलरचं, बॅटरीचं हे हे ट्रेनिंग, जागा आहे, पारेषणाच्या लाईन आधीच इथपर्यंत आलेल्या आहेत त्यावर इथंच नवीन काहीतरी उभं करू. राग तारखेचा नाही, न सांगण्याचा आहे.

तुमच्या सभेत प्लांटमुळं गावातल्या किती पोरांना काम, कोणतं काम, बांधकामापुरतं का नंतर पण, हे लेखी विचारा. सोलरला चालवायला माणसं फार कमी लागतात, पॅनल धुणं, गवत काढणं, सिक्युरिटी. हे आधीच खरं सांगितलेलं बरं. खोटी आशा लावली की पुढची पिढी तुमच्यासारखीच गुळवंच गुळवंच करत बसेल.

पंचवटीतून

मी नाशिकच्या तपोवनाच्या झाडांसाठी रस्त्यावर आलेल्यांपैकी एक. २०२५ च्या नोव्हेंबरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायची नोटीस निघाली तेव्हा जे लोक उतरले ते बघून मी थक्क झाले. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी आयुष्यात कधी हरकत अर्ज लिहिलेला नव्हता, ती माणसं महापालिकेत रांगेत उभी. कॉलेजची मुलं, मॉर्निंग वॉकवाले आजोबा, वारकरी, झाडाला मिठी मारून उभ्या राहिलेल्या बायका. कोणीही जागतिक तापमानवाढ हा शब्द उच्चारून आलं नव्हतं. इथं माझ्या मुलीला सायकल शिकवली, इथं वडिलांना शेवटी फिरायला आणायचो, असं म्हणत आले. कुंभाला विरोध म्हणून नाही, कुंभ आमचाच आहे, गोदावरी आमचीच आहे, आणि झाडं पण आमचीच.

मला त्यातून हे कळलं की नाशिककराला आकडा हलवत नाही, ओळखीची जागा हलवते. पुराचंच घ्या. किती हजार क्युसेक सोडलं हे पेपरात येतं, ते कितीजणांना कळतं माहीत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी आलं म्हटलं की भांडीबाजारातले लोक माल वर घ्यायला लागतात, छातीला लागलं की सराफ बाजार. १९६९, २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पूर जुन्या नाशकात मारुतीवरूनच सांगितला जातो. तुमच्या गावातही असं एखादं माप असणार, कुठली विहीर कधी आटते, टँकर कोणत्या महिन्यात येतो, बाजरी कधी पेरायची आणि आता कधी पेरतात. सभेची सुरुवात त्यावरून करा, म्हाताऱ्या माणसांनाच सांगू द्या. आधी टँकर कधी यायचा आणि आता कधी येतो हे दहा जणांनी सांगितलं की हवामान बदलाची वेगळी स्लाईड लावावी लागत नाही.

एक सावध करते. भावनेवर लोक जमतात तसे चार आठवड्यात पांगतातही. हरकती लिहिणं, सुनावणीला जाणं, रोज पत्रव्यवहार ठेवणं हे शेवटी थोड्याच माणसांवर पडतं आणि ती थकतात. आमच्यातली काही मुलं खरंच आजारी पडली, झोप नाही, सतत फोन बघणं, एवढं करून काय होणार म्हणून रडणं. त्यांना कोणी सांभाळायचं हेही सुरुवातीलाच ठरवा.

मानसशास्त्र_शिकवते

वरची चर्चा वाचून राहवलं नाही. या विषयावर बराच अभ्यास झालेला आहे आणि तो तुमच्या अनुभवाशी जुळतो, म्हणून थोडं सांगते.

शेवटचं आधी घेते, मुलांचं. २०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार मुलांचा सर्व्हे आला होता, त्यात भारतही होता. ५९ टक्के मुलांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं, आणि ४५ टक्क्यांहून जास्त मुलं म्हणाली की याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. पण त्या अभ्यासातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की सरकारं पुरेसं करत नाहीत, आपल्याला वाऱ्यावर सोडलंय ही भावना जितकी जास्त तितका त्रास जास्त. म्हणजे नुसती उन्हाची-पावसाची भीती नाही, आपलं कोणी ऐकत नाही याचं दुःख आहे. एकलहऱ्याच्या दादांनी जे लिहिलं ते हेच.

भीतीबद्दल. किम विट्टे या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये मांडलेलं आहे की भीती दाखवली आणि सोबत हातात करण्याजोगं काही दिलं तर माणूस हलतो, नुसतीच भीती दाखवली तर तो भीतीपासूनच स्वतःला वाचवायला लागतो, म्हणजे ऐकणं बंद करतो, काही होत नाही म्हणतो, चहाला उठतो. निफाडच्या दादांच्या मेळाव्यातली माणसं बेफिकीर नाहीत, उलट त्यांना आधीच इतकं वाटतंय की अजून ऐकवत नाही. आपल्याकडच्या लोकांना पर्वा नाही हे तर आकड्यातही दिसत नाही. येल विद्यापीठ आणि सी-व्होटरच्या २०२२ च्या पाहणीत भारतातले ५४ टक्के लोक सर्वात जास्त चिंता वाटणाऱ्या गटात होते, अजिबात लक्ष नसलेले फक्त ७ टक्के.

आणि विरोधाबद्दल. पवनचक्क्यांना, सोलरला विरोध करणाऱ्यांना जगभर स्वार्थी म्हणायची पद्धत होती, बाकी कुठंही करा पण माझ्या दारात नको म्हणणारे. ब्रिटनमध्ये पॅट्रिक डिव्हाईन-राइट यांनी २००९ मध्ये सांगितलं की हे बहुतेक वेळा स्वार्थ नसतं, जागेची ओढ असते. त्यांनी समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पाजवळच्या दोन गावांत अभ्यास केला, त्यात लँडुड्नो गावात ज्यांना आपल्या गावाची ओढ जास्त त्यांचा विरोधही जास्त होता, कारण त्यांच्या नजरेत तो समुद्र म्हणजेच गाव होतं. आजीचं बिरोबाचं ठाणं म्हणजे अगदी हेच. तिला मुद्द्याचं बोल म्हणणं म्हणजे तिचा मुद्दाच नाकारणं.

मात्र जागेची ओढ नेहमी विरोधातच जाते असंही नाही. डेन्मार्कमध्ये साम्सो नावाचं बेट आहे, जेमतेम चार हजार वस्तीचं. १९९७ मध्ये त्यांनी संपूर्ण बेट अक्षय ऊर्जेवर नेण्याची स्पर्धा जिंकली. सुरुवातीला लोकांना रस नव्हता. तिथले स्थानिक लोक घरोघरी, बैठका घेत फिरले, आणि मुख्य म्हणजे जमिनीवरच्या ११ पवनचक्क्यांची मालकी शेतकऱ्यांची आणि स्थानिक सहकारी संस्थांची झाली. आपल्या मालकीची पवनचक्की फिरताना बघणं आणि दुसऱ्या कोणाची बघणं यात माणसाच्या मनात फार फरक पडतो. आपल्याकडे साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं तेही घराघरावर पॅनल बसवून, म्हणजे प्रत्येकाचं आपलं. सहकार तर आपल्या मातीतलाच आहे, साखर-दूध-द्राक्ष सगळं सहकारात केलं, वीज का नाही हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारा.

सभा कशी घ्यायची यावर एकच सांगते. ग्रामपंचायत कायद्यात प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच गावात ती कागदावरच उरकतात. ती खरोखर घ्या. मोटर चालू झाल्यावर जागणारी बाई आणि मेंढ्या राखणारी आजी त्या सभेत शेजारी शेजारी बसू द्या, पुरुष नसताना. तिथं जे निघेल ते महिला सभेचा ठराव म्हणून मुख्य ग्रामसभेत वाचलं जाईल, मग कोणी त्याला भावनिक म्हणून बाजूला टाकू शकणार नाही.

निवृत्त_अभियंता

मॅडम, तुमचं पटलं, विशेषतः महिला सभेचं. फक्त एक जोडतो. महिला सभेला नकाशे न्या. आणि प्रकल्पाच्या माणसालाही तिथे शेवटी दहा मिनिटं बोलवा, पण बोलायला नाही, प्रश्नांची उत्तरं द्यायला.

मेंढपाळाचा_पोरगा

मी नांदगावकडचा. ताई तुमच्या पोस्टवर येवढे लोक बोलले पण आमच्यातलं कोणी नव्हतं म्हणून लिहितो.

दिवाळीनंतर आम्ही मेंढ्या घेऊन खाली उतरतो, पावसाळ्याला परत. पावसाळ्यात सगळ्या शेतात पिकं, मेंढी कुठंच घालता येत नाही, तेव्हा गायरान हाच एक आधार. चार महिने. ते गेलं की मेंढ्या विकायच्या, दुसरा मार्ग नाही. सभेत पडीक जमीन पडीक जमीन म्हणतात, पडीक कशाची, आमची मेंढरं त्याच्यावर जगतात, आणि त्याच मेंढ्या तुमच्या शेतात बसवता तेव्हा खत मिळतं. ५ लाख ग्रामपंचायतीला येणार, त्यात आमचं काय? आम्ही वर्षातले आठ महिने गावात नसतो, सभेला नसतो, आमच्या नावानं कोण बोलणार.

सोलरला आमचा विरोध नाही. आमच्या वाड्यावर पण मोबाईल आणि बॅटरी सोलरवरच चार्ज होते, पाऊस आता कधी येतो कधी जातो त्याचा सगळ्यात जास्त फटका आम्हालाच, गारपिटीत मेंढ्या मरतात त्याचा पंचनामा व्हायला पण वणवण. पण मला ठरावात हे लेखी पाहिजे. पाण्यापर्यंत जायला वाट सोडा, कुंपणाच्या बाहेरनं. ठाण्याला हात लावू नका. काका म्हणतात तसं पॅनलखाली चारायला देणार असाल तर कोणाच्या मेंढ्या, किती, कोणत्या महिन्यात हे लिहा, नाहीतर गेटवरचा वॉचमन ठरवंल. आणि सभा पावसाळ्यात घ्या, आम्ही गावात असताना. जानेवारीत घेतली तर आमच्याशिवाय ठराव होतो आणि मग म्हणतात कोणी हरकत घेतली नाही.

सिन्नरची_लेक

दादा, तुमचं लिहिणं मी तसंच्या तसं प्रिंट काढून सरपंचांना देणार आहे, चालेल ना? नाव टाकत नाही.

आज ग्रामसेवक भाऊसाहेबांशी फोनवर बोलले. महिला सभा घ्यायला ते तयार आहेत, म्हणाले बायका आल्या तर घेऊ. त्या येतील, वस्त्यांवर मी आणि आमच्या अंगणवाडी ताई जाऊन सांगतो. सबस्टेशनच्या टप्प्यात कोणाकोणाची खडकाळ जमीन आहे याची यादी वडील काढतायत, दोन घरं भाड्यानं द्यायला तयार आहेत असं कळलं. सभा आषाढाच्या आधी नको असं मी सांगितलं, मेंढ्या वर आल्यावरच. त्यावर मात्र वरून घाई आहे असं उत्तर आलं, ठराव लवकर पाहिजे म्हणतात.

तर आता शेवटचं विचारते, ग्रामसभेनं ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला तर वरून काही अडचण येते का? सबस्टेशनला दुसरं गाव घेतील अशी धास्ती पोरांना आहे आणि ती खोटी पण नाही. अभियंता काका, तुम्हाला माहीत असेल तर सांगा. आणि ज्यांच्या गावात प्लांट आधीच चालू झालाय त्यांनी करारातली कुंपण आणि वाटेची कलमं टाईप करून टाकली तर फार उपकार होतील.